गरम पाण्याची वाट

आमच्या पुण्यातल्या इमारतीच्या गच्चीवर सोलरच्या टाक्या आहेत. संध्याकाळी त्यांतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. तरी सकाळी पहिल्या मजल्यावर नळ सोडला की आधी येतं ते थंडगारच. यात दोष सूर्याचा नाही, पाइपाचा. एक इंची पाइपात मीटरभर लांबीत जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरून खाली, मग आडवं बाथरूमपर्यंत असं पंचवीस मीटर धरलं तर झालं बारा लिटर. रात्रभर निवलेलं हे पाणी बाहेर पडल्याशिवाय मागचं गरम पाणी येणार कुठून?

पाइपाला फोमचं आवरण घाला, हा सल्ला दर थंडीत कुणीतरी देतंच. घालावं जरूर, पण पहाटेची पहिली वाट त्याने टळत नाही. रात्रभरात पाणी निवतंच. आवरणाचा उपयोग आईची आंघोळ आणि माझी आंघोळ यांच्यामधल्या अर्ध्या तासापुरता. पाइप अर्ध्या इंचाचा केला तर आत पाणी साधारण चौथाईच राहतं. पण प्लंबर मान हलवतो, "प्रेशर नाही मिळणार साहेब." त्याचंही खरं आहे. वरच्या मजल्यावर गरम पाणी लवकर पोचतं पण करंगळीएवढी धार. खाली धार जोरदार, पण वाट लांब. त्यात पाणी वाचवणारे नळ बसवले की ते थंड पाणी निघायलाच दुप्पट वेळ.

खरा उपाय रिटर्न लाइनचा, म्हणजे नळाजवळून टाकीकडे परत जाणाऱ्या वेगळ्या पाइपाचा. निवलेलं पाणी छोटा पंप पुन्हा टाकीत ढकलतो. टायमर लावून पहाटे तेवढा चालवला की पुरे. पण ही लाइन इमारत बांधतानाच टाकायला हवी. नंतर टाइल्स फोडायचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला, की सभा चहावर संपते.

शॉवरवाले सगळं थंड पाणी मोरीत सोडून देतात, हे मला बघवत नाही. बादलीवाल्यांचं बरं. अर्धी बादली थंड पाणी विसणाला ठेवायचं, कारण मागून येणारं पाणी तसंही अंगावर घेववत नाही. उरलेलं फरशी पुसायला. बंबाच्या काळात हा प्रश्नच नव्हता, तोटी बंबालाच होती. वाट असायची ती जाळ धरण्याची.

सध्या आमची सोय वेगळीच आहे. उभी लाइन चार घरांना एकच, त्यामुळे जो पहिला उठतो तो तिच्यातलं थंड पाणी काढतो. बाकीच्यांच्या वाट्याला आपापल्या आडव्या पाइपापुरतंच येतं. तळमजल्यावरचे काका पाचला आंघोळीला जातात, धार्मिक कारणाने. ते लेकीकडे नाशिकला गेले की वरच्या तिन्ही घरांना न सांगता कळतं, आणि परत कधी येणार याची चौकशी सगळ्यात आधी मीच करतो.