खांदे

लग्नाच्या अल्बमला गिऱ्हाईक वर्षभर थांबतं. तेराव्याचा फोटो मात्र उद्या हवा असतो. त्यात निम्मं काम टिकलीचं. सवाष्ण गेली असेल तर कुंकू ठसठशीत करायचं, विधवा असेल तर असलेली टिकली पुसायची. कुणी लाजत नाही सांगताना.

ते गृहस्थ सत्तरीचे होते. आई अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेलेली. मोबाइलमधले फोटो फॉरवर्ड होऊन होऊन त्यांचा चिखल झालेला. चेहरा धड दिसेल असा एकच, तरुणपणीचा, कृष्णधवल. "बारा बाय पंधरा करा. साडी जरा काठापदराची दाखवा. टिकली काढा, आणि खांद्यावरचं ते पण."

'ते' म्हणजे काय, हे प्रिंटवर कळत नव्हतं. जुन्या फोटोत काळ्या भागावर चांदी वर येते. स्कॅनरमध्ये टाकला की तिथे पांढरट ढग उतरतो. नवी पोरं तो ढग सॉफ्टवेअरने घासतात आणि खालचं सगळं घालवतात. मी स्कॅन न करता कॅमेऱ्याने फोटोचा फोटो घेतो. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर, मग लेन्सवरचा सावकाश फिरवायचा. एका क्षणी ढग विरतो. विरला, आणि पितळी अक्षरं दिसली : डब्ल्यू ए सी, कंसात आय.

विमेन्स ऑक्झिलरी कोअर, इंडिया. 1942 साली, महायुद्धात उभी राहिलेली सैन्याची महिला शाखा. टेलिफोन, टंकलेखन, सांकेतिक संदेश अशी कामं करणाऱ्या अकरा हजारांवर बायका. खाकी साडी हा त्यांचा गणवेश. म्हणजे मी जी साडी बदलणार होतो, तीच. फोटोमागे दिल्लीच्या स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने 1944.

फोन केला. "हो, आई दिल्लीला मामाकडे होती काही वर्षं. फोनवर होते म्हणायची. टेलिफोन खात्यात असेल."

"सैन्यात होत्या."

"अस्सं?" जरा थांबून म्हणाले, "पण हार घालायचाय हो. येणारे जाणारे विचारत बसतील."

फोटो त्यांचा, आई त्यांची. अक्षरं काढायला चार मिनिटंही लागली नाहीत. साडीला मात्र दुपार गेली. खाकीच्या कडक निऱ्यांवर रेशमाची चमक बसेना.

संध्याकाळी ते स्क्रीनवर बघायला आले. खूश झाले. मग मान तिरकी करून म्हणाले, "आई फार ताठ वाटतेय. खांदे जरा खाली घेता येतील?"

सहज येतात.

"मान बिघडते त्याने," मी खोटंच सांगितलं आणि प्रिंट टाकली.