तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हावर जगणाऱ्याला ऊन बाधतं कसं?

सायनोबॅक्टेरियावर, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंवर, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ते उन्हावरच जगतात ना? मग त्यांना ऊन बाधतं कसं?’

बाधतं. प्रकाश गोळा करायला त्यांच्याकडे फायकोबिलिसोम नावाचे अवाढव्य अँटेना असतात. प्रकाशसंश्लेषणाला पेलवेल त्याहून जास्त ऊर्जा आत आली, की ती शेवटी ऑक्सिजनला मिळते, आणि असा चेकाळलेला ऑक्सिजन पेशीत दिसेल त्याची नासधूस करतो.

त्यावर त्यांचा उपाय म्हणजे ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन. आम्ही ओसीपीच म्हणतो. मी ते पहिल्यांदा शुद्ध केलं तेव्हा नळीत सुरेख नारिंगी द्रावण होतं. नळी प्रखर दिव्याखाली विसरले, परत येऊन बघते तर लाल! आठवड्याची मेहनत गेली म्हणून कपाळावर हात मारला. तशीच फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली. थोड्या वेळाने उघडली, तर पुन्हा नारिंगी. हे होतं असं शंभरदा वाचलं होतं, तरी घाबरायची ती घाबरलेच.

या प्रथिनाचे दोन भाग, आणि दोघांत मिळून कॅरोटिनॉइडचा एकच रेणू. गाजराला रंग देणाऱ्यांच्या कुळातला. निळा-हिरवा प्रकाश पडला की तो १२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकून एका भागात शिरतो आणि दोन्ही भाग एकमेकांपासून सुटतात. हे झालं लाल रूप. ते फायकोबिलिसोमच्या गाभ्याला जाऊन चिकटतं आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. ऊन उतरलं की एफआरपी नावाचं दुसरं प्रथिन त्याला तिथून सोडवतं आणि नारिंगी व्हायला मदत करतं. ओसीपीची नोंद १९८१ची, पण ते नेमकं करतं काय, हे कळायला २००६ उजाडलं.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा आळस. शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, गिळले तरी जेमतेम एखादाच त्याला लाल करतो. मंद उजेडात लाल होण्यापेक्षा नारिंगीकडे परतणंच जास्त, त्यामुळे ते कामालाच लागत नाही. रखरखीत प्रकाशात मात्र फोटॉनचा मारा इतका, की हा आळसही पुरत नाही.

परवा एकाने विचारलं, ‘मग हे जरा चपळ करता येणार नाही का?’ केलं, तर ते ढगाळ दिवशीही हाती आलेली ऊर्जा उधळत बसेल आणि जीवाणू राहतील उपाशी.