काकींची सीतेची वेणी आणि माझं औषधाचं दुकान

फोंड्यात माझं औषधाचं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या औषधाचा निरोप फिरला, की त्याची चौकशी माझ्या काउंटरवर आलीच म्हणून समजा. यंदा पाळी ऑर्किडची: गुडघेदुखीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर ऑर्किड चालतं, असा तो निरोप. वाड्यावरच्या काकी तर आंब्यावर वाढणारं सीतेची वेणी हे ऑर्किड मुळांसकट ओरबाडून पिशवीतून घेऊन आल्या. “गुडघ्यांवर चालते म्हणे. काढा करू?”

“काकी, आधी ही परत आंब्याला बांधा,” मी म्हटलं. “जगली तर जगली.”

काकी अगदीच हवेत बोलत नव्हत्या. आमवातावर रास्ना देण्याची आपली पद्धत फार जुनी. पण रास्ना म्हणजे नक्की कोणती वनस्पती, यावर एकमत नाही. उत्तरेत एक झुडूप वापरतात, दक्षिणेत कुलिंजनाचा कंद, आणि बंगालकडे वांडा टेसेलाटा हे ऑर्किड. वांड्याची मुळं हवेत लोंबतात. सुकी असताना चुना फासल्यासारखी पांढुरकी दिसतात, पावसात भिजली की हिरवट होतात. वाळवून तुकडे केले की तिन्हींतलं काय कुठलं, हे नुसत्या नजरेने ओळखणं कठीण. आणि काकींच्या पिशवीत होतं ते चौथंच झाड!

ऑर्किडमध्ये औषधी द्रव्यं आहेत, यात वाद नाही. डेंड्रोबियम नोबिल या ऑर्किडमधून डेंड्रोबाइन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं अंगावर असर करणारं द्रव्य, १९३२ मध्येच वेगळं काढलं गेलं. चिनी वैद्यकात हे झाड अंगातला कोरडेपणा, तहान आणि ताप यांवर देतात. पण तेच डेंड्रोबाइन जास्त मात्रेत दिलं, तर प्रयोगातल्या जनावरांना झटके येतात. त्या निरोपात हे कुठे असणार! गॅस्ट्रोडिया एलाटा हे ऑर्किड त्याहून मजेशीर. त्याला हिरवं पान नाही, जमिनीखालच्या बुरशीवर जगतं. त्याच्या कंदातल्या गॅस्ट्रोडिनची गोळी आणि इंजेक्शन चीनमध्ये चक्कर, डोकेदुखीवर वापरतात. तिथे द्रव्य शुद्ध केलेलं असतं, मात्रा ठरलेली असते. पातेल्यातल्या काढ्यात किती उतरलं, हे कोण मोजणार? निरोपातला कॅन्सरचा दावा मोस्कॅटिलिन या द्रव्यावरून येतो. तेही डेंड्रोबियममधलंच, पण त्याचं काम दिसलंय ते मुख्यतः काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. त्याच्या भरवशावर कुणी केमो लांबवत असेल तर मी काउंटरवरच भांडते.

आपल्या पोटात खात्रीने जाणारं ऑर्किड एकच, व्हॅनिला. केरीला दिराच्या कुळागरात पोफळींवर त्याचे वेल चढवलेत. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. शेंग धरायची तर तेवढ्या वेळात हाताने परागीभवन करावं लागतं: बारीक काडीने आतला पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचे. ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. हिरव्या शेंगेला वास जवळजवळ नसतोच. गरम पाण्यात बुडवून, घाम काढून, महिनोन्‌महिने वाळवल्यावर व्हॅनिलिन हे वासाचं द्रव्य मोकळं होतं आणि वास सुटतो. प्रयोगशाळेत ते अँटिऑक्सिडंट ठरलंय, पण आइस्क्रीमचा चमचा म्हणजे औषध नव्हे. शिवाय बाजारातल्या स्वस्त इसेन्समधलं व्हॅनिलिन बहुधा कारखान्यातलं असतं.

राहिला च्यवनप्राश. त्यातल्या अष्टवर्गापैकी, म्हणजे आठ वनौषधींच्या गटापैकी, जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी ही चार ऑर्किडच मानतात. सगळी हिमालयातली, आणि आता मिळणं दुरापास्त. ही टंचाई आजची नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातच पर्याय सांगून ठेवलेत: जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. घरातली बरणी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे विदारीकंद दिसला, तर कंपनीने फसवलं म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.