बन्नीतल्या भुंग्यात राहायचं तर

भुजहून खावड्याच्या रस्त्याला लागलं की वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना सपाट माळ सुरू होतो. हा बन्नीचा गवताळ प्रदेश. वाळूच्या टेकड्या पाहायच्या असतील त्यांनी जैसलमेरकडे जावं. कच्छच्या या वाळवंटात खारी माती आहे, गवत आहे, उत्तरेला मिठाचं रण आहे आणि अधूनमधून मालधारींची, म्हणजे गुरं राखून जगणाऱ्या लोकांची, गावं आहेत. इथल्या गोल मातीच्या घराला भुंगा म्हणतात. मराठी कानाला आधी फुलावरचा भुंगा आठवतो, पण एक रात्र आत काढली की हा शब्द कायमचा या घराचाच होऊन जातो. भुजपासून साधारण 65 किलोमीटरवर होडको आहे. तिथे आणि आजूबाजूच्या गावांत पाहुण्यांसाठी असे भुंगे बांधलेले आहेत. होडकोचं ‘शाम-ए-सरहद’ गावकऱ्यांची समितीच चालवते.

भुंगा कसा काम करतो ते आधी सांगतो, कारण मुक्कामातल्या बहुतेक तक्रारी ते माहीत नसल्यामुळे होतात.

भिंत मातीची, जाड, हातभर तरी रुंद. मातीत शेण आणि गवताचा चुरा मिसळलेला असतो, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. एवढी जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते, पण ते आत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून दुपारी दोनला बाहेर डोळे दिपत असताना आत गार लागतं आणि रात्री बाहेर कडाक्याची थंडी असताना भिंत ऊब धरून असते. हे गणित दारावर अवलंबून आहे. दिवसभर दार सताड उघडं टाकून फिरायला गेलात तर गरम वारा आत खेळतो आणि रात्रीही उघडं राहिलं तर साठलेली ऊब निघून जाते. सकाळी नऊला दार लावा, ऊन कलल्यावर थोडा वेळ उघडा, अंधार पडला की पुन्हा लावा.

छप्पर गवताचं, शंकूसारखं. मधोमध आढ्याजवळ एक उभी मेढ दिसते, पण ती जमिनीपर्यंत येत नाही. ती एका आडव्या तुळईवर उभी असते आणि तुळईची टोकं भिंतीवर किंवा भिंतीलगतच्या दोन खांबांवर टेकलेली असतात. त्यामुळे खालची जागा पूर्ण मोकळी मिळते. गोल भिंतीला कोपरे नाहीत, आणि चौकोनी घर भूकंपात बहुधा कोपऱ्यातच फाटतं, कारण दोन भिंती दोन दिशांना हलतात. गोल भिंतीत तो जोर सगळ्या घेरात वाटला जातो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छमधली दगडी आणि काँक्रीटची घरं मोठ्या संख्येने कोसळली, तेव्हा नीट बांधलेले भुंगे बरेच टिकले. वाऱ्यालाही गोल भिंतीवर थेट आदळायला सपाट बाजू मिळत नाही.

दार बुटकं असतं. वाकूनच आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. पहाटे अर्धवट झोपेत बाहेर पडताना कपाळमोक्ष होतो तो इथेच. खिडक्या लहान आणि खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीला असतात, म्हणजे वारा अंथरुणावरून जातो. आतल्या भिंतींवरचं मातीचं उठावाचं आणि आरशांचं काम म्हणजे लिंपणकाम. एका मिणमिणत्या दिव्याचा उजेड त्या आरशांतून खोलीभर होतो. या भिंतीला ओला टॉवेल टेकवू नका, सॅक टेकवू नका, खिळा तर ठोकूच नका. माती ओल धरते, पोपडा सुटतो आणि त्याबरोबर आरसा निघतो. पावसाळ्यानंतर ज्या बाईंनी तो सारवून पुन्हा बसवलेला असतो त्यांचे त्यात दिवसचे दिवस गेलेले असतात. कपडे वाळवायला बाहेर दोरी असते, ती वापरा.

आत मेणबत्ती, उदबत्ती, डासांची कॉइल काहीही पेटवायचं नाही. डोक्यावर सुकं गवत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डास असतात, त्यासाठी अंगाला लावायचं मलम आणा. छपरातून काडीकचरा थोडा पडतोच. अंथरुणावरची चादर दिवसा उलटी घडी करून ठेवली की रात्री झटकावी लागत नाही. बूट मात्र सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायचे, विंचवासाठी. कोकणात ओळखीचं असलेलं फुरसं कच्छमध्येही आहे, म्हणून अंधारात अंगणात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. मोबाइलचा दिवा पुरत नाही, कारण तो पायाजवळ पडत नाही.

बुकिंग करताना लोक तंबू की भुंगा असं विचारतात. पैशांचा फरक परवडत असेल तर भुंगाच घ्या. तंबू उन्हात तापतो, रात्री गार पडतो आणि पहाटे दवाने आतून ओलसर होतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं, कधी त्याहून बरंच खाली. तेव्हा तंबूत दोन रजया घेऊनही पाठ गारठते, कारण थंडी खालून येते. तंबूच मिळाला तर एक रजई अंगाखाली घाला, एक अंगावर. कच्छी ढडकी, म्हणजे आपल्या वाकळीची बहीण, जास्तीची मागितली तर मिळते, पण रात्री अकराला नाही, जेवतानाच मागून ठेवा. फोनवर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: न्हाणीघर भुंग्याला जोडून आहे की अंगण ओलांडून, गरम पाणी बादलीने येतं की नळाने, आणि वीज गेली तर दिवा कशावर चालतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर. बन्नीत जमिनीखालचं पाणी खारं आहे. अंघोळीचं पाणी बहुधा मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही आणि केस चिकट होतात. जास्त साबण लावून उपयोग नाही, उलट तो निघत नाही. शाम्पू अगदी थोडा घ्या आणि शेवटचे दोन तांबे ओतताना केस नीट चोळा. पिण्याचं पाणी वेगळं येतं, ते दिलेल्या माठातून किंवा बाटलीतूनच घ्या, दातही त्यानेच घासा. गरम पाणी चुलीवर तापवून बादलीने आणून देतात त्या ठिकाणी सकाळी सात ते नऊ अशी वेळ ठरलेली असते. माणशी एक बादली धरून चाला.

मालधारींनी या खाऱ्या जमिनीतून गोडं पाणी काढायची जी युक्ती शोधली ती पाहण्यासारखी आहे. तिला विरडा म्हणतात. पावसाचं पाणी साठतं अशा सखल जागी उथळ खड्डे खणतात. मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच्या थरात तरंगत राहतं. खड्ड्याच्या कडांना लाकडांची चौकट आणि गवत लावतात, म्हणजे माती ढासळत नाही आणि पाणी गाळून येतं. मात्र उपसा हळूच करावा लागतो. भसाभस उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विरडा खराब होतो. हे एकदा पाहिलं की बादलीभर पाण्याची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. यजमानांपैकी कुणी मोकळं असेल तर विचारा, दाखवतात.

जेवण शाकाहारी आणि साधं असतं: बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो (भरीत), खिचडी-कढी, लसणाची चटणी, गूळ, पांढरं लोणी, ताक. रोटला आपल्या भाकरीपेक्षा जाड, त्यामुळे गरम असतानाच खायचा, गार झाला की घशात अडकतो. मोडून त्यात लोणी आणि गूळ कालवला तर थंडीत त्यासारखं काही नाही. रात्रीचं जेवण आठच्या सुमारास एकदाच मांडतात, उशिरा आलात तर चूल विझलेली असते. चहा म्हशीच्या दुधाचा, दाट. बन्नीची म्हैस रात्री चरायला जाते आणि पहाटे आपली आपण परत येते. या गुणामुळे आणि दुधामुळे तिला 2010 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. रात्री दोनला गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या तर त्या चरणाऱ्या गुरांच्या. त्याच दुधाचा मावा भुजहून येताना वाटेत लागणाऱ्या भिरंडियारा गावात मिळतो. घ्यायचा तर परतीच्या दिवशी, तो फार टिकत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे हेही लक्षात असू द्या.

आता रण. पांढऱ्या रणाचा परवाना लागतो. तो भिरंडियाऱ्याच्या चौकीवर मिळतो किंवा ऑनलाइन काढता येतो. मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, दोन्ही सोबत हवेत. थंडीत भरणाऱ्या रणोत्सवाच्या शनिवार-रविवारी तिथली रांग मोठी असते. बहुतेकांचा सूर्यास्त त्या रांगेतच जातो. भुजहून सकाळी निघा, परवाना काढा, दुपारी तीनच्या आत भुंग्यात सामान टाका आणि साडेचारला पांढऱ्या रणाच्या काठावरच्या धोर्डो गावाकडे निघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि मुंबईपेक्षा उशिरा, सव्वासातनंतर उगवतो.

रण पांढरं कधी होतं, हा प्रश्न पावसावर आहे. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते आटत जातं आणि मिठाचा थर उरतो. नोव्हेंबरात बऱ्याचदा तो ओला, करडा आणि घसरडा असतो. पाऊस जास्त झालेल्या वर्षी हेच जानेवारीपर्यंत चालतं. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ आम्हाला सर्वात भरवशाचा वाटतो. जुने बूट घाला आणि परत आल्यावर लगेच गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर चामडं तडकतं आणि शिलाई खाल्ली जाते. पौर्णिमेला रण अप्रतिम दिसतं, पण गर्दी आणि भावही चढलेले असतात. ताऱ्यांसाठी यायचं तर अमावास्येच्या आसपास या आणि भुंग्याच्या अंगणातच बाज टाकायला सांगा. अंगणातला दिवा मालवायला मात्र आठवणीने सांगावं लागतं.

एका रात्रीत हे जमत नाही. दोन रात्री ठेवा, म्हणजे मधला आख्खा दिवस गावासाठी उरतो. इथल्या मुतवा या मालधारी समाजातल्या बायकांचं भरतकाम इतकं बारीक असतं की त्यातला आरसा मुगाच्या दाण्याएवढा भासतो. एका ओढणीला किती महिने लागले ते विचारा आणि मग भाव ऐका. आम्ही इथे घासाघीस करत नाही, तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. काही घरांत नकार मिळतो, तो तिथेच मान्य करायचा. रोख रक्कम भुजमधूनच काढून आणा, कारण मोबाइलची रेंज गेली की ऑनलाइन पैसे अडकतात. सीमाभाग असल्याने ड्रोन घरीच ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळा डुंगर करून परता. कच्छमधली ही सर्वात उंच जागा आणि वर दत्तात्रेयाचं देऊळ. गिरनार करणाऱ्या मराठी दत्तभक्तांनाही हे ठाऊक नसतं. इथे आरतीनंतर पुजारी शिजवलेला भात घेऊन कट्ट्यावर जातात आणि ‘लोंग, लोंग’ अशी हाक देतात. मग झुडपांतून कोल्हे येतात. दत्तगुरूंनी भुकेल्या कोल्ह्यांना ‘लो अंग’ म्हणून स्वतःचं अंग देऊ केलं, त्यावरून ही हाक पडली अशी कथा सांगतात. कोल्हे दर वेळी येतीलच असं नाही, आणि कट्ट्याजवळ बोलणं सुरू असेल तर नाहीच येत. दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन प्रसाद होतात. संध्याकाळचा घेतला तर घाट अंधारात उतरावा लागतो, म्हणून दुपारचा गाठा. त्यानंतर खावड्यात जेवून निघालं की भुजहून सुटणारी रात्रीची मुंबईची गाडी आरामात मिळते.