खिडकीखालच्या सहा बाटल्या

शनिवार, रात्री

जर्मनीत शिकायला आल्यापासून मी ज्या कुटुंबाकडे राहते, त्यांच्या घरी काल शाळेतून परत आले तेव्हा माझ्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. बाहेर कितीही थंडी असली तरी दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या उघडून घरातली हवा बदलायची, हा येथला नेम आहे आणि त्याची मला आता सवय झाली आहे. परंतु खिडकीखाली हीटरच्या बाजूला ओळीने ठेवलेल्या माझ्या सहा बाटल्या जागेवर नव्हत्या. त्या खाली, जिन्याजवळच्या पिशवीत, रिकाम्या पडलेल्या दिसल्या. आतले पाणी जिन्यातल्या कुंड्यांना घातले, असे घरच्या यजमानीणबाईंनीच मला हसून सांगितले. मी 'डांके' म्हणाले. आभार कशाचे मानले, ते मला अजून उमगलेले नाही.

दीड लिटरच्या सहा, म्हणजे नऊ लिटर पाणी. ज्या घरात नळ केव्हाही सोडावा आणि त्याखाली पेला धरून सरळ प्यावे, त्या घरात नऊ लिटर पाण्यासाठी रात्री दोनपर्यंत जागणे शहाणपणाचे नाही, हे मला कळते. (घरातले लोक मात्र ते पीत नाहीत, ते क्रेटमधून आणलेले, सोड्यासारखे झिणझिण्या आणणारे पाणी पितात.) तरीही राग आला, आणि राग आला याची लाज वाटली, आणि दोन्हींपैकी खरे कोणते ते ठरेना.

बाटल्या भरून ठेवायच्या असे मी कधी ठरवले नव्हते. बाटली रिकामी झाली की हात आपोआप नळाखाली जातो, एवढेच. सप्टेंबरात एक होती, मग दोन झाल्या, आणि सहा केव्हा झाल्या ते त्या नाहीशा झाल्यावर मोजले.

लागले ते बहुधा हे की मी पकडले गेले. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मी मोठ्या ऐटीत रेल्वेची गोष्ट सांगितली होती. 2016 साली मी दुसरीत होते. आमच्या लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून शहरात 144 कलम लावले होते, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. सगळे चमचे खाली ठेवून ऐकत होते. धाकट्याने तेवढे विचारले की, मग तुम्ही नदीकाठी का राहत नाही? तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले. दुष्काळ म्हणजे मी मागे टाकून आलेली, सांगण्याजोगी एक गोष्ट, असा माझा समज होता. गोष्ट सांगणे वेगळे, आणि ती आपल्याच खिडकीखाली दुसऱ्या कोणाला सापडणे वेगळे.

त्यांना नावाने हाक मारावी असे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले आहे. ते मला जमत नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही. मावशी म्हणता आले असते तर 'मावशी, असू द्या हो त्या' इतकेच काल म्हणून मोकळी झाले असते. असो.

आणखी एक गोष्ट रात्री सुचली. आमच्याकडे नळाला पाणी सुटले की पहिली दोन मिनिटे ते गढूळ येते. ते फरशीसाठी बादलीत धरायचे आणि मग घागरीच्या तोंडाला फडके लावून पिण्याचे भरायचे. ते फडके धरण्याचे काम पहिल्यापासून माझे. दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते, नाहीतर मध्ये झोळ पडून पाणी बाहेर सांडते. येथे माझ्यावाचून अडेल असे एकही काम नाही. ताट उचलायला गेले तरी 'राहू दे' म्हणतात, आणि ते इतक्या मायेने म्हणतात की तक्रारही करता येत नाही.

आज सकाळी मात्र त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली आणि आजपासून हे काम तुझे, असे सांगितले. दुकानातल्या यंत्रात एकेक बाटली सरकवायची. यंत्र ती आत फिरवून पाहते आणि बाटलीमागे अनामतीचे 25 सेंट परत देते. सहा बाटल्यांचे दीड युरो झाले. यंत्राला बाटली रिकामीच लागते. नऊ लिटर पाणी उशाशी घेऊन मी दोन महिने खोलीत गरिबी भोगत होते आणि वर दीड युरो अडकवून ठेवला होता, या विचाराने मला तेथेच, रांगेत, हसू आले.

दुपारी घरी फोन केला. आजीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "झाडाला घातलं ना? मग वाया कुठं गेलं बाई?" आणि मग, "दोन महिन्याचं शिळं पाणी पीत होतीस का?" हे अगदी खरे आहे. बऱ्या वर्षी नळ आला की कालचे पाणी शिळे म्हणून तुळशीला ओतणारी हीच आजी आहे. म्हणजे त्यांनी केले ते आमच्याच घरचे केले. तसे पाहता आजीने पाण्याची बाजू थोडी कमी घ्यायला हवी होती आणि माझी थोडी अधिक. पण त्याविषयी आज नको.

मग आईने फोन घेतला, आणि दोन वाक्ये होतात न होतात तोच म्हणाली, "नळ आला बघ, ठेवते." पण फोन बंद करायचा राहिला. ओट्यावरच कुठेतरी तो ठेवलेला असावा, कारण घागरीत पडणारी धार मला स्पष्ट ऐकू येत होती. आधी घुमणारा, भरडा आवाज. मग घागर भरत येते तसा तो बारीक होत जातो, आणि काठाशी आली की ओळखता येतो. आई बहुधा मोटर लावायला गेली होती.

"भरली, आई, भरली!" मी इकडून ओरडले.

खालून त्यांनी विचारले, काय झाले. मी म्हणाले, काही नाही.