खांद्यावरचा हात

फोटोच्या दुकानात काउंटरला बसलेल्या कुणालाही हे गिऱ्हाईक सांगायला नको. शटर अजून अर्धंच वर गेलेलं असतं, तेवढ्यात दोन माणसं येऊन उभी राहतात. एकाच्या हातात लग्नाचा अल्बम. "यातला हा एवढा काढून द्या. बारा बाय अठरा. परवा तेरावा आहे." फोटोत सात-आठ जण, मध्ये आजोबा, डोळे अर्धवट मिटलेले, आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. कधी अंगठीचा, कधी मेंदीचा, कधी नातवाचा इवलासा. तो पुसून तिथे सदऱ्याचं कापड भरायचं, मागे करडा रंग टाकायचा, डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवायचे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानात नऊ वर्षं मी हे काम केलं. असे किती हात पुसले, मोजलं नाही.

२०१७ साली ते दुकान बंद झालं. पासपोर्ट फोटो सोडले तर प्रिंटला कुणी येईना. मला दीड महिन्याचा पगार आणि एक जुना पेपर कटर मिळाला. कटर अजून वापरात आहे. धाकटा भाऊ तेव्हा लग्नांत सेकंड शूटर म्हणून जायचा, म्हणजे मुख्य फोटोग्राफर स्टेजवर आणि हा पंगतीत. त्याच्याकडे फोर्टातून घेतलेला सेकंडहँड निकॉन डी ७००० होता आणि ५० एमएमची १.८ लेन्स. एका रात्री जेवताना तोच म्हणाला, "ताई, माणूस गेल्यावर तू एवढी खटपट करायचीस. त्यापेक्षा तो खुर्चीत बसलेला असतानाच एक धड फोटो काढला तर?" आई करवादली, पानावर बसून असलं बोलतात का म्हणून. पण आमचा धंदा त्या पानावरच ठरला.

आधी रीतसर जागा शोधली. गोखले रोडच्या आतल्या बाजूला दीडशे फुटांचा गाळा पाहिला. भाडं अठ्ठावीस हजार, डिपॉझिट दोन लाख, आणि शटरपुढे चार उंच पायऱ्या. पैसे नव्हतेच, पण माझं मन उडालं ते पायऱ्या पाहून. पंच्याऐंशीच्या माणसाला तिथे चढवणार कोण? तेव्हा आमच्याकडे स्टुडिओ नाही, ही गोष्ट पहिले सहा महिने आम्ही फिरवून सांगायचो. "आम्ही स्वतः घरी येतो" असं, जणू खास सेवा आहे. पुढे ती खरोखरच खास सेवा झाली, तो भाग वेगळा.

पहिलं गिऱ्हाईक कळव्याची आत्या. पैसे घेणार नव्हतो, तिने बाराशे रुपये हातात कोंबले आणि वर म्हणाली, "फुकटचं कुणी नीट करत नाही." त्या दिवशी बरंच शिकलो.

ठाण्यातल्या जुन्या इमारतीतली खोली दहा बाय बाराची. तिच्यात दिवाण, लोखंडी कपाट, टीव्ही, देव्हारा. उरलेल्या जागेत माणूस बसवायचा आणि आपण भिंतीला पाठ लावायची. तिथे ५० एमएम बरोबर बसते. डी ७००० चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान, त्यामुळे ती ७५ एमएमसारखी, म्हणजे जरा लांबूनही चेहरा मोठा दाखवणारी, चालते. पाच-सहा फुटांवरून छातीपर्यंतचा फोटो मिळतो आणि नाक फुगत नाही. मोबाईल दोन फुटांवर धरला की नाक पुढे येतं, कान मागे जातात. लोक मोबाईलला बोल लावतात, पण चूक जवळ जाण्याची असते. एकदा मोठ्या हौसेने ८५ एमएम उसनी आणली. फ्रेम बसवता बसवता भाऊ मागे सरकत थेट स्वयंपाकघरात पोचला आणि ओट्याला टेकून फोटो काढू लागला. शेजारी कुकरच्या शिट्ट्या.

घरात शिरल्यावर पहिलं काम, सगळे दिवे बंद करणं. यावर दर घरी वाद होतो. "अहो, अंधार येईल फोटोत," असं म्हणत कुणीतरी पुन्हा ट्यूब लावतंच. पण ट्यूबचा उजेड एका रंगाचा आणि खिडकीचा दुसऱ्या. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर. एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला पत्ता लागत नाही. वाशीच्या एका घरी शटर चुकून १/५०० सेकंदाला राहिलं आणि आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पट्टेच पट्टे आले. दुसऱ्या रविवारी ट्रान्स हार्बर लोकलने पुन्हा जावं लागलं, आमच्या खर्चाने.

खुर्ची खिडकीपासून तीनेक फुटांवर, जरा तिरकी. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल, बंदीच्या आधीच्या मखरातला, म्हणजे अंधारातल्या गालावर थोडा उजेड परततो. आता प्रत्येक खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस, मोगरा, वाळत घातलेले रुमाल. ऊन आलं की चेहऱ्यावर गजांच्या सावल्या पडतात, माणूस कोठडीत बसल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय घरातच असतो: आजोबांचं धुतलेलं पांढरं धोतर. दुहेरी घडी करून चिमट्यांनी ग्रिलला लावायचं. कापडातून गाळून आलेला तो उजेड सुरकुत्या ठेवतो, पण त्यांना ओरखड्यासारखं दिसू देत नाही. दिव्याचा उजेड असाच मऊ करणारा विकतचा सॉफ्टबॉक्स आम्ही नंतर घेतला. वर्षातून दोन-तीनदा निघतो.

मागे काळी घोंगडी लावतो, आजोळहून आणलेली. सॅटिनचं काळं कापड चमकतं. घोंगडी उजेड गिळून टाकते. पिस्ता रंगाच्या भिंतीची हिरवट झाक गालावर येते, तीही तिच्यामुळे जरा कमी होते. पावसाळ्यात मात्र लोकलमध्ये तिचा वास सुटतो आणि शेजारचे सरकून बसतात. तेवढीच पिशवी ठेवायला जागा.

पुस्तकांत वाचलं होतं की उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, तिच्यातून थेट ऊन येत नाही. आम्ही घरोघरी उत्तर विचारत फिरलो. मग एका मे महिन्यात, चांगल्या उत्तरेच्या खिडकीतून, सकाळी पट्टाभर ऊन आत आलं. घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं. ठाणं १९ अंशांच्या जरा वर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेकडून जातो. ती पुस्तकं लंडन-न्यूयॉर्कच्या खिडक्यांबद्दल बोलत होती. आपल्याकडे त्यातले दीड-दोन महिने ढगांचेच, म्हणून फारसं जाणवत नाही. आणि ढग असले की आम्हाला कुठलीही खिडकी चालते. जुलै हा आमचा सगळ्यात आवडता महिना आहे. मेच्या मध्याला ऊन अगदी डोक्यावर येतं, तेव्हा बाहेर दुपारी फोटो घेऊच नये. भुवयांची सावली पडून डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात.

बाहेरचं कामही केलं. नाटकात, मालिकांत शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना पोर्टफोलिओ लागतो, आणि गडकरी रंगायतनच्या आसपास अशी मुलं सापडतात. तलावपाळीला सकाळी आठच्या आत काम उरकायचं. एका बागेत रखवालदाराने ट्रायपॉड पाहून परवानगी विचारली. तेव्हापासून ट्रायपॉड नेत नाही, आणि कुणी विचारत नाही. त्या कामात पैसे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. दोन वर्षांनी सोडलं.

आता आमची चूक. चरईतल्या एका आजी, मूळच्या जुन्नरकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या. बैठक सुंदर झाली. पदर मीच सारखा केला होता. चष्म्यात खिडकीची चकाकी येत होती, तर काड्या कानांवरून किंचित उचलल्या, काचा खाली कलल्या, चकाकी गेली. सगळं मनासारखं. रात्री भावाने उत्साहाने रिटचिंग केलं आणि मी थकलेली, न बघता प्रिंटला टाकलं. फ्रेम घेऊन गेलो. आजींनी ती मांडीवर घेतली, बराच वेळ पाहिली आणि सुनेला विचारलं, "ही कोण गं?"

हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके गायब होते. कपाळावरचं गोंदणही. भावाला ते डाग वाटले होते. त्याच्या पिढीत गोंदण कुणी जवळून पाहिलेलं नाही, हे मी समजू शकते. पण मी पाहिलेलं होतं, माझ्या आजीच्या हातावर तुळशी वृंदावन होतं. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सात वर्षांची होते, तेव्हा गोंदवलं. लई रडले होते. आता वर जाताना हेच बरोबर येणार, आणि तेच पुसलं व्हय?" नवी प्रिंट दिली, पैसे परत केले, त्यांनी पुसलेली प्रिंटही ठेवून घेतली, कपाटामागे. तेव्हापासून घरी एक नियम आहे. जे पंधरा दिवसांत जाईल ते काढायचं: पुरळ, दाढी करताना कापलेलं, डास चावलेला. बाकी सगळं तसंच राहतं. आणि बैठकीच्या आधी कवळीची चौकशी करायची. हा प्रश्न मी विचारते, भावाने विचारला तर आजोबा लोक दुखावतात.

गिऱ्हाईक मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या जाहिरातीत मीच लिहिलं होतं, "घरातल्या ज्येष्ठांचे फोटो वेळेत काढून घ्या." व्हॉट्सॲपवर फिरवली. संध्याकाळी एका गृहस्थांचा फोन. "मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. कसल्या वेळेत?" मला घाम फुटला. माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "सहस्रचंद्रदर्शन आहे माझं पुढच्या महिन्यात, त्याला या." धंद्याला दिशा दिली ती त्या फोनने. हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. त्या सुमाराला घरात शांतीचा विधी असतो, पाहुणे येतात, नवे कपडे असतात, उत्सवमूर्तींना नटायला कारण असतं. फोटो कशासाठी, हे कुणाला उच्चारावं लागत नाही. पंच्याहत्तरी, साठीशांत, लग्नाची पन्नाशी, सगळं त्यातच आलं. जाहिरातीतून 'वेळेत' गेलं.

मग टाळेबंदी. काम शून्यावर आलं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मात्र फोन पुन्हा वाजू लागला, आणि तो जुन्या दुकानातल्या कामाचा होता. पण या वेळी अल्बमही नव्हते. लोक व्हॉट्सॲपचा डीपी पाठवायचे, आधार कार्डाचा फोटो पाठवायचे. आठ बाय बाराच्या चांगल्या प्रिंटला २४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात; डीपी असतो ६४० गुणिले ६४०. चेहरा मोठा करत गेलं की तो विरघळत जातो. जेवढं जमलं तेवढं केलं, त्या दोन महिन्यांचे पैसे घेतले नाहीत. त्यावर जास्त लिहवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे आणि घरबसल्या होते. आमच्याकडे एका एजंटने तिचे दीड हजार मागितले होते. आमच्यासारख्या मोजक्या माणसांच्या धंद्याला दुकाने-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नाही. आम्ही अजून आरामात आत आहोत, असं म्हणूया.

आज एका बैठकीचे साडेसहा हजार घेतो, फ्रेमसकट. दिवसाला एकच घर. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच असतो. चहा होतो, कुठल्या गिरणीत, कुठल्या शाळेत नोकरी ते कळतं. स्वतःच्या खुर्चीत बसलेला माणूस हात कुठे ठेवायचे हे विचारत नाही, ते आपोआप रोजच्या जागी जातात. ग्रुप फोटोही काढतो, पण शेवटी, आणि खांद्यावर हात ठेवायला मीच सांगते. एकट्याचा फोटो आधी झालेला असतो ना.

सध्या नवीनच कामं येताहेत. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत, आणि जागा सोडण्याआधी लोक बोलावतात. नव्या टॉवरमधल्या रंगीत काचा चेहऱ्यावर हिरवट उजेड टाकतात, त्यामुळे जुन्या खिडक्या जाताहेत याचं आम्हाला वेगळंच दुःख आहे. येत्या शनिवारी पाचपाखाडीत एका तिसऱ्या मजल्यावर जायचंय. आजी-आजोबा, लग्नाला बावन्न वर्षं. काल त्यांच्या मुलीचा फोन आला: सामान आधीच हललंय, पडदे काढलेत, खोली रिकामी आहे. उजेड भरपूर असेल. खुर्च्या मात्र आमच्याच न्याव्या लागणार, आणि लिफ्ट बंद आहे.