पाटी लावू का?

समुपदेशनाचं काम स्वतःचं सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मानसशास्त्रात एम.ए. करून सांगली-मिरजेतली मुलं-मुली दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांतले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, शंभर फुटी रोडला गाळा बघितलाय. पाटी लावू का?" घरचे मागे लागलेले असतात, शिक्षणावर पैसा गेलेला असतो. ती घाई मला कळते.

लावा. पण पाटीवर काय लिहिणार, ते आधी सांगा.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजार तपासून औषधाविना उपचार करणारे, असं लिहायचं असेल तर नुसतं एम.ए. पुरत नाही. हे काम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो तिच्या, १९९२ च्या कायद्याखाली येतं. आजवरची रुळलेली वाट म्हणजे परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणं, आणि मग केंद्रीय रजिस्टरमध्ये नोंदणी. नोंदणीशिवाय हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा किरकोळ आहे म्हणून काही जण बिनधास्त असतात. मला ते भयंकर वाटतं. समोरचा माणूस तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून आपलं लेकरू तुमच्यासमोर बसवतो.

'समुपदेशक' ही पाटी मात्र आजवर जवळपास कुणीही लावत आलंय, ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करूनसुद्धा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही यादीत घेतलंय आणि राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद केली आहे. तेव्हा तिकडच्या नियमांवर लक्ष ठेवा. तोवर जे आहात तेवढंच लिहा: 'एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशक'. पीएच.डी. नसेल तर नावाआधी 'डॉ.' नको. औषध तर आपण लिहीतच नाही, क्लिनिकलवालेही नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञांचं.

पाटीचं एवढं. पण खरी परीक्षा आतल्या खोलीत असते, आणि सांगलीसारख्या गावात ती फार अवघड असते.

एका नवीन समुपदेशिकेचं व्हॉट्सॲप स्टेटस मी पाहिलं होतं. नाव अर्थातच नव्हतं. 'आज एक अकरावीची मुलगी आली होती. वडिलांचं हळदीचं दुकान, नीटचा क्लास, आणि आईशी अबोला...' खाली हात जोडल्याची खूण, 'मन मोकळं करा' वगैरे. पुण्या-मुंबईत एवढ्यावरून कुणी ओळखलं नसतं कदाचित. इथे संध्याकाळपर्यंत त्या क्लासमधल्या पाच मुलींनी ओळखलं असेल. इथे नुसतं नाव झाकून भागत नाही. दुकान, क्लास, गल्ली, लग्न कुठे ठरलंय, सगळंच झाकावं लागतं. खरं तर लिहायचंच नाही. त्या मुलीने हे कुणाला दाखवण्यासाठी सांगितलेलं नव्हतं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २३ गुप्ततेबद्दलच आहे. तुम्ही त्याच्या शब्दांत नेमके बसता का, यावर वाद घालत बसू नका. बसता असं समजूनच वागा. अपवादही पाठ हवेत. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसायचं नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आमच्या घराची अब्रू जाईल हो" म्हणून आई पाया पडली तरी.

आणि आईवडील विचारणारच, "आत काय म्हणाली? फी आम्हीच भरतो ना?" त्यांना तोडून बोलू नका, ते काळजीपोटी विचारतात. अल्पवयीन मुलाच्या पालकांना पूर्ण अंधारातही ठेवता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, मूल आणि आईवडील एकत्र बसलेले असताना, काय सांगणार आणि काय नाही हे स्पष्ट बोलून घ्या. मूल तुमच्या तोंडाकडे बघत असतं तेव्हा. नंतर ते बोलेल की नाही, हे बरंचसं तिथेच ठरतं.

नात्यातली केस घेऊ नका. "घरचीच आहेस, तूच बघ" म्हणणाऱ्या काकूंना दुसऱ्या कुणाचा नंबर द्या. त्या रुसतील थोड्या दिवस.

झेपत नसेल तर पुढे पाठवायला लाजू नका, मिरजेतली मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. नुसती मरगळ आहे म्हणून आलेल्या बाईंना आधी थायरॉइड तपासायला सांगा. मरणाचे विचार येतात म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्याची वेळ देऊन घरी पाठवू नका. त्याच दिवशी घरच्या माणसाला सोबत घ्या आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि घरच्यांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

आणि पहिली दोन-तीन वर्षं कुणातरी अनुभवी माणसाला आपलं काम नियमित दाखवत राहा, नावं न घेता. माझ्याकडे यायचं असेल तर या, त्याची फी मी घेत नाही. येताना पाटीचा मजकूर घेऊन या, रंगवायला टाकण्याआधी.